मगनवाडीची चूल

नागपूरहून मुंबईकडे निघालेली गाडी वर्ध्याला थांबली की उतारूंची लहानशी गर्दी फलाटावर उतरते. कोणी कापसाच्या बाजाराला आलेला असतो, कोणी दवाखान्याला, तर दोन-चार मंडळी सेवाग्राम पाहायला आलेली असतात. स्टेशनाबाहेर रिक्षावाला तुम्हाला विचारील, "सेवाग्राम, की पवनार?" सेवाग्रामला जायचेच आहे. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रमही पाहायचा आहे. पण वाचकहो, आमचे ऐकाल तर आधी त्याला म्हणा, "मगनवाडी." ती गावातच आहे, कुमारप्पा मार्गावर. फार वेळ लागणार नाही. आणि घरी मातीची चूल पेटत असेल, तर ही वाट वाकडी करून गेल्याचे सार्थक होईल.

मगनवाडी म्हणजे मूळची जमनालाल बजाजांची बागेची जागा. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याचे ठाणे या जागेत पडले. गांधीजींचे नात्याने पुतणे असलेले मगनलाल गांधी १९२८ साली वारले होते. त्यांच्या नावावरून ही मगनवाडी. संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. तंजावरकडचा हा माणूस अमेरिकेत शिकलेला, मुंबईत हिशेबतपासनीस म्हणून बस्तान बसवलेला. ते सगळे मागे टाकून तो वर्ध्याच्या उन्हात येऊन राहिला. गांधीजीही १९३५ साली इथेच राहत होते.

इथे काय चाले? हातसडीचा तांदूळ, बैलघाणीचे तेल, गूळ, मधमाशा, हातकागद. गावच्या माणसाच्या हाताला काम मिळावे आणि गावची वस्तू गावातच सुधारावी, हा सगळ्याचा हेतू. रॉकेलऐवजी गोड्या तेलावर जळणारा 'मगन दिवा' इथलाच. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले, ते आजही पाहता येते. याच वाडीत १९५५ साली ग्रामोद्योगांच्या संशोधनासाठी जमनालाल बजाज यांच्या नावाची संस्था निघाली. पुढे २००८ साली तिचे रूप पालटून ती महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था झाली.

या वाडीने देशाच्या स्वयंपाकघराला एक मोठी वस्तू दिली. तिचे नाव 'मगन चूल'. १९४७ च्या सुमारास या बिनधुराच्या चुलीची माहिती देणारी पुस्तिका इथून निघाली. देश स्वतंत्र होत होता, मोठमोठ्या गोष्टी घडत होत्या, आणि त्याच वेळी वर्ध्यातली चार माणसे विचार करत बसली होती, की घरधनिणीच्या डोळ्यांतले पाणी कसे थांबेल!

धुराला वाट

या चुलीत गुंतागुंतीचे काही नाही. आपली साधी चूल आठवा. तीन बाजूंनी माती, पुढे तोंड, वर भांडे टेकायला तीन थाने. जाळ भांड्याच्या बुडाला लागतो खरा, पण बराचसा भांड्याच्या कडेने बाहेर पळतो. धूर बाईच्या तोंडावर येतो आणि मग छपराच्या फटी शोधत फिरतो. अशा चुलीत जळणातल्या उष्णतेचा सुमारे दहावा हिस्साच भांड्याला लागतो, असे मोजणाऱ्यांनी मोजले आहे. म्हणजे दहा काटक्या जाळल्या तर नऊ हवेला गेल्या.

बिनधुराच्या चुलीत जाळाला आणि धुराला ठरलेली वाट करून देतात. पहिल्या वैलाखाली जाळ. तिथून आतल्या आत एक बोगदा दुसऱ्या वैलाखाली जातो आणि तिथून धुराड्यात. धुराडे छपराबाहेर निघते. तापलेली हवा हलकी होते, वर चढते आणि मागच्या हवेला ओढून घेते. त्या ओढीमुळे चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत जाते आणि धूर उलटा येत नाही. पहिल्या वैलावर भाकरी किंवा भात, दुसऱ्यावर वरण शिजते किंवा पाणी तापते. एकाच जळणात दोन कामे. पुढे १९५३ च्या सुमारास हैदराबादच्या प्रयोगशाळेतले अभियंते एस. पी. राजू यांनी याच धर्तीवर आपली चूल लोकांपुढे ठेवली. त्यानंतर बंगळूरच्या विज्ञान संस्थेने 'अस्त्र ओले' काढली. आपल्या महाराष्ट्रात आरती या संस्थेने साच्यात घालून बसवायची 'लक्ष्मी' चूल केली. नावे निराळी, पण धुराची वाट तीच.

ती वाट नीट असेल तर सगळे ठीक. ती कुठे बुजली, कुठे फुटली, की चूल पहिल्यापेक्षा वाईट. हे एक सूत्र मनाशी पक्के धरा आणि मग आमच्याबरोबर पुढे चला.

सेवाग्रामची माती

वर्ध्याहून सेवाग्राम सुमारे आठ किलोमीटर. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी इथे आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. बुलढाण्याच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागले, तेव्हा १९४० साली त्याचे सेवाग्राम झाले. आदिनिवास, बापूकुटी, बा-कुटी ही सगळी घरे माती, बांबू आणि कवेलूंची. पाहणारा दोन मिनिटांत पाहून बाहेर पडतो. तुम्ही शेतकरी आहात, तुम्ही भिंतीकडे पाहा. ऐंशी-नव्वद पावसाळे सोसून मातीच्या भिंती उभ्या राहतात त्या कशाने? दर वर्षीच्या लिंपणाने आणि सारवण्याने. मातीच्या घराला हात लागत राहिला तर ते टिकते. हात काढला की दोन पावसाळ्यांत ढासळते.

चुलीचेही तसेच आहे. आणि हे कळायला सेवाग्रामच्या फाटकाबाहेर पडून आसपासच्या कोणत्याही खेड्यात जावे लागते.

एका आजींचे स्वयंपाकघर

पवनारच्या बाजूला असलेल्या एका गावात आम्ही गेलो. मार्च उलटत होता, पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या आणि घरोघर अंगणात त्यांच्या गंज्या लागल्या होत्या. एका घरी पाणी मागितले, बसलो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन वैलांची चूल दिसली. पण मागच्या भोकावर फरशीचा तुकडा लिंपून टाकलेला आणि धुराड्याचा पत्ता नाही. भिंत वरपर्यंत काळीकुट्ट.

"आजी, ही चूल बिनधुराची होती ना?"

"होती तं," आजी म्हणाल्या. "चूल घालनारा आला, घालून गेला. मले एक शब्द इचारला नाही, का माय, तुह्या गंजाचं बूड केवढं हाय."

"मग?"

"मंग काय? गंज बसे ना भोकावर. पऱ्हाट्या घालाच्या म्हटलं तं तोंड लहान. म्या फोडून मोठं केलं. पावसाळ्यात नळीच्या बाजूनं पानी गळे. मालकानं नळी काढली अन् कवेलू घातलं. झालं."

आजींनी चार वाक्यांत जे सांगितले, तीच देशभरची कहाणी आहे. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ साली तो आटोपला, तोवर तीन कोटींहून अधिक चुली वाटून झाल्या होत्या. आज त्यांतल्या किती चुली पेटतात? आपापल्या गावात पाहा, उत्तर मिळेल. चूल बसवणाऱ्याला आकड्याची घाई होती. घरातल्या बाईचे भांडे, तिचे जळण, तिची बसण्याची बाजू कोणी विचारली नाही. आणि बसवल्यावर तिची निगा कशी राखायची हे सांगायला कोणी पुन्हा फिरकले नाही.

ओडिशात या प्रश्नाचा नीट शोध घेतला गेला. ४४ गावांतल्या अडीच हजारांहून अधिक कुटुंबांचा अभ्यास झाला. धुराड्याच्या मातीच्या चुली बसवल्या आणि चार वर्षे पाहत राहिले. पहिल्या वर्षी रांधणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे मात्र फरक उरला नाही. चुली फुटत गेल्या, धुराडी तुंबत गेली, दुरुस्ती झाली नाही. बाया पुन्हा जुन्या चुलीकडे वळल्या. सिद्धांत खरा होता, तो निगेअभावी वाया गेला.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली घरातल्या धुरामुळे जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून अधिक लेकरे होती. धुराने नुसते डोळे चुरचुरत नाहीत. दमा, जुनाट खोकला, मुलांचा न्यूमोनिया, हृदयाचे विकार, मोतीबिंदू यांचा त्याच्याशी संबंध आहे. आईच्या मांडीवर बसलेले पोर तोच धूर पीत असते.

"आता गॅस आला, चुलीचे काय घेऊन बसलात?" असे कोणी म्हणेल. गॅस आला हे चांगलेच झाले. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. ज्याला परवडते त्याने गॅसवरच रांधावे, धुराचा त्रास त्यानेच खरा टळतो. पण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातली सुमारे ४३ टक्केच घरे स्वच्छ इंधनावर रांधणारी निघाली. सिलिंडर घरात असूनही अंघोळीचे पाणी, भाकऱ्या, लग्नकार्य आणि मजुरांचा स्वयंपाक चुलीवर होतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. म्हणून जोवर चूल आहे, तोवर ती धडकी असावी.

बसवायची तर अशी

आधी घरातल्या बाईला विचारा. कोणत्या हाताला जळण ठेवते, कोणत्या बाजूला पाट घेऊन बसते, रोजची भांडी कोणती. तिची दोन भांडी समोर ठेवून वैलांची मापे घ्या. मोठे भांडे पहिल्या वैलाला, लहान दुसऱ्याला. भांडे भोकावर असे बसावे की कडेने धूर डोकावू नये.

जागा बाहेरच्या भिंतीलगतची घ्या. धुराडे सरळ वर गेले पाहिजे आणि वाटेत आढे किंवा वासा आडवा येऊ नये. दारातून येणारा वारा थेट चुलीच्या तोंडावर नको.

माती कोणती? काळी माती नको, ती वाळताना फुटते. पांढरीची किंवा वारुळाची माती घ्या. तिच्यात थोडी वाळू, बारीक भुसा आणि शेण घालून दोन-तीन दिवस भिजत ठेवा आणि चांगली तुडवा. परीक्षा सोपी आहे. मुठीएवढा गोळा करून वाळवा. भेगा पडल्या तर वाळू आणि भुसा वाढवा. हाताने चुरला तर चिकण माती वाढवा. गोळा न फुटता टणक झाला की माती जमली.

चुलीच्या आत विस्तवापासून भांड्याच्या बुडापर्यंत वीतभर किंवा थोडे कमी अंतर ठेवा. जास्त ठेवले तर जाळ पोचत नाही, फार कमी ठेवले तर कोंडतो आणि काजळी धरतो. तळाला लोखंडी किंवा भाजक्या मातीची जाळी बसवली तर खालून हवा लागते आणि राख खाली पडते. पहिल्या वैलातून दुसऱ्याकडे जाणारा बोगदा मूठ सहज जाईल एवढा असावा आणि किंचित चढता असावा. दुसऱ्या वैलाखाली मातीचा लहान उंचवटा करा, म्हणजे जाळ खालून निसटत नाही, भांड्याच्या बुडाला चाटून जातो.

धुराडे आतून चार इंचांचे, म्हणजे दहा सेंटिमीटरचे असावे. कुंभाराच्या भाजक्या नळ्या, सिमेंटच्या नळ्या किंवा पत्र्याची नळी चालते. जुन्या योजनेत ॲस्बेस्टॉसच्या नळ्या सर्रास वापरल्या. तुमच्याकडे तसली असेल तर ती कापू किंवा घासू नका, तिची धूळ छातीला घातक असते. नवी घेताना ती घेऊच नका. धुराडे छपराच्या वर किमान दोन फूट निघावे आणि तोंडावर पावसाची टोपी असावी. जवळ उंच भिंत किंवा झाड असेल तर आणखी वर न्यावे, नाहीतर वारा धूर खाली दाबतो. शेजाऱ्याच्या खिडकीशी धुराड्याचे तोंड येणार नाही हेही पाहा. आपला धूर त्याच्या घरात ढकलणे म्हणजे निगा नव्हे.

आता आजींच्या घरचे ते गळणे. कवेलूच्या छपरात नळीभोवती पत्र्याचा घेर बसवा. त्याची वरची कड वरच्या कवेलूंच्या खाली सरकवा आणि खालची कड खालच्या कवेलूंच्या वर आणा, म्हणजे पाणी घरंगळून जाते. छप्पर गवताचे असेल तर मात्र फार सांभाळा. तापलेली नळी गवताला कधीही टेकू देऊ नका. चहूकडून वीतभर जागा मोकळी सोडून तिथे पत्रा बसवा.

धुराड्याच्या बुडाशी, चुलीच्या मागे, एक हात जाईल असे भोक ठेवा आणि त्याला घट्ट बसणारी वीट किंवा झाकण करा. हे साफसफाईचे दार. हे दार न ठेवल्यामुळेही चुली बिघडतात.

चूल झाली की लगेच जाळ घालायचा नाही. सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या. भेगा पडतील त्या ओल्या मातीने बोटाने दाबत राहा. पहिला जाळ लहान, थोड्या काटक्यांचा. नंतर उदबत्ती पेटवून तोंडाशी धरा. धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. बाहेर आला तर कुठे तरी फट आहे किंवा नळी अडली आहे. थंडीच्या पहाटे धुराडे गार असते म्हणून सुरुवातीला धूर उलटतो. तेव्हा मागच्या दाराशी कागदाचा एक बोळा पेटवून नळी आधी ऊबदार करा, मग चूल पेटवा.

राखायची तर अशी

आपण शेतकरी माणसे निगेला नवखे नाही. पेरणीआधी फाळ पाजवून आणतो, गाडीच्या आसाला वंगण घालतो, पोळ्याला बैलांचे खांदे शेकतो. मोटारपंपाचा आवाज जरा बदलला तरी कान टवकारतो. मग दोन वेळच्या अन्नाच्या हत्याराकडेच काणाडोळा का?

रोज चूल थंड झाल्यावर राख काढावी. राख जाळीखाली साचली की हवा बंद होते आणि चूल धुमसते. निखारे विझल्याची खात्री झाल्याशिवाय राख उकिरड्यावर किंवा गंजीजवळ टाकू नये. झाकणाचा पत्र्याचा डबा त्यासाठी ठेवावा.

चुलीला पोतेरे घालण्याची आपली चाल चांगली, पण त्यात एक खोड आहे. रोजच्या पोतेऱ्याने वैलाच्या कडा आतून जाड होतात आणि भोक लहान होत जाते. म्हणून पोतेरे वरून आणि बाहेरून घालावे, भोकाच्या आत थर चढू देऊ नये. उलट तोंडाची कड फुटली तर लगेच लिंपावी. तोंड मोठे झाले की थंड हवा आत घुसते आणि धुराड्याची ओढ जाते.

दुसरा वैल कधीही उघडा ठेवू नका. त्यावर भांडे नसेल तर झाकण हवे. उघड्या वैलातून धूर घरात येतो, आणि मग बिचाऱ्या चुलीला बोल लागतो.

आठवड्याला एकदा बोगद्यात हात घालून काजळी आणि राख ओढून काढावी. महिन्याला एकदा धुराडे झाडावे. दिवस लक्षात राहावा म्हणून अमावास्या धरा. पुष्कळ गावांत त्या दिवशी औत धरत नाहीत, माणूस घरी असतो. दोरीला दगड आणि गोणपाटाचा बोळा बांधून वरून सोडायचा, चार वेळा खालीवर करायचा आणि खालच्या दारातून काजळी काढून घ्यायची. तोंडावर फडके बांधायला विसरू नका. हे छपरावर चढायचे काम घरच्या पुरुषाने करावे. चूल बाईची असेल, पण तिचा धूर सगळ्या घराचा आहे. ओले जळण जाळले की नळीत डांबरासारखा थर चढतो आणि एखाद्या दिवशी तोच पेट घेतो. गवताच्या छपराला ही फार मोठी भीती आहे.

वर्षातून दोनदा मोठी पाहणी करावी. एकदा मृगाच्या आधी, छपराचा घेर आणि टोपी पाहायला. एकदा पोळ्याच्या सुमारास, पावसाने ओलावलेली माती लिंपायला. मातीची चूल दोन-तीन वर्षांनी नव्याने घालावी लागली तर त्यात कमीपणा नाही. घोटाळा होतो तो तुटकी चूल तशीच ओढत राहिल्याने.

जळण

ओल्या लाकडातली काही आग पाणी उकळण्यातच जाते. जळण एक उन्हाळा वाळलेले असावे आणि पावसाळ्यासाठी आडोशाला, जमिनीपासून उंच ठेवलेले असावे. पऱ्हाट्या आणि तुराट्या झरझर जळतात, पण लांबलचक तशाच सारल्या तर तोंडाबाहेरच धुमसतात. हातभर तुकडे करून थोड्या थोड्या सारा. मग चुलीचे तोंड फोडायची वेळ येत नाही. पऱ्हाट्यांची एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. त्यांना चिकटलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात पिकावर येते. म्हणून सरपणाच्या पऱ्हाट्यांची बोंडे आधी काढून नष्ट करा आणि पेरणीपूर्वी गंजी संपवा. शेताच्या बांधावर तर ती ठेवूच नका.

चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालण्याची सवय अनेक घरांत शिरली आहे. ती सोडा. त्याचा धूर साध्या धुरापेक्षा कितीतरी विषारी असतो. रंग दिलेले लाकूडही नको.

आणि शेवटची सावधगिरी. थंडीत शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले खोलीत घेऊन दारे-खिडक्या लावून झोपू नका. धूर दिसत नाही म्हणून हवा चांगली असे समजू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

परतताना

वर्ध्याला गेलात तर मगन संग्रहालय निवांत पाहा. तिथले चरखे, घाणी आणि अवजारे पाहताना एक प्रश्न मनात ठेवा. ज्यांनी या वस्तू केल्या त्यांनी गावच्या माणसाला वस्तूबरोबर हुन्नरही द्यायचा ठरवला होता. वस्तू गावात पोचल्या, हुन्नर मात्र वाटेत कुठेतरी राहिला. तो आपल्याला परत आणता येईल. गावातल्या एका कुंभाराने नळ्या घडवाव्यात, एका-दोन बायांनी चूल घालण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम शिकावे, आणि ज्यांना ते नीट येते त्यांना गावाने चार पैसे मोबदला द्यावा. बाहेरचा माणूस चूल घालून जातो तेव्हा दुरुस्तीला कोणी नसते. गावची बाई घालते तेव्हा ती दुसऱ्या दिवशीही त्याच आळीत असते.

घरोघरी मातीच्या चुली, असे आपण म्हणतो, ते घरातल्या कुरबुरींबद्दल. पण या म्हणीतली चूल खरीच आहे, आणि तिच्यापुढे रोज दोन-तीन तास एक माणूस बसलेले आहे. हा अंक खाली ठेवलात की स्वयंपाकघरात जा. भिंत किती काळी झाली आहे, तेवढे पाहा. वर्षभराचा जो धूर भिंतीवर दिसतो, तोच घरातल्या बाईच्या छातीतही जात असतो. चूल बसवणे एका दिवसाचे काम आहे, राखणे रोजचे. येत्या अमावास्येला दोरी, दगड आणि गोणपाटाचा तुकडा काढून ठेवा.